स्पॅनिशच्या तासाला खेळू द्या

माझं माहेर झाशीचं आणि रविवारी सकाळी वहिनीशी फोन ठरलेला, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झालं असेल. या रविवारी वहिनी फोनवर चिडलेली होती आणि मागे भाची मुसमुसत होती. कारण स्पॅनिश.

भाची आठवीत आहे. तिच्या शाळेने यंदा स्पॅनिश हा ऐच्छिक विषय सुरू केला. शिकवायला दिल्लीहून एक तरुण शिक्षिका आली. पहिल्या दोन महिन्यांत तिने मुलांना जे बोलतं केलं, ते मी फोनवर ऐकत होते. मग पालकसभा झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मैडम पढ़ाती कब हैं? बच्चे तो खेलते ही रहते हैं।" आणखी चौघांनी री ओढली. दुसऱ्याच दिवशी शाळेचा हुकूम निघाला: आधी पुस्तक पुरं करा, खेळ शनिवारच्या शेवटच्या तासाला.

स्पॅनिश हे काही शाळेचं खूळ नव्हे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्यावर शिकता येणाऱ्या परदेशी भाषांत तिचं नाव आहे, सीबीएसईच्या विषयांतही आहे. दिल्लीत स्पेनची सर्वांतेस संस्था 2009पासून ती शिकवते. जगातल्या 20 देशांत तिला राजभाषेचा मान आहे. शिवाय ओरछा-खजुराहोला जाणारे कितीतरी परदेशी पाहुणे झाशीच्याच स्टेशनवर उतरतात, आणि खजुराहोत फाडफाड स्पॅनिश बोलणारे गाइड भेटतात.

त्या वर्गात काय चालायचं ते सांगते. एका मुलाला बाहेर पाठवायचं, डस्टर लपवायचं. आत आल्यावर त्याने विचारत सुटायचं: टेबलाखाली आहे का? दप्तराच्या मागे? कपाटावर? सगळं स्पॅनिशमध्ये. 'देबाहो', 'देत्रास', 'एन्सीमा' हे खाली-मागे-वर सांगणारे शब्द प्रत्येक मुलाच्या तोंडून एका तासात कितीदा निघत असतील! पुस्तकात हीच शब्दयोगी अव्ययं एका चौकटीत छापलेली असतात. त्या चौकटीवरून ती भाचीला पाठ झाली असती, पण डस्टर शोधताना आठवली नसती. मेक्सिकोतली 54 चित्रांची 'लोतेरिया' त्यांनी खेळली. आपल्या हाऊजीसारखीच, पण आकड्यांच्या जागी कोंबडा, चंद्र, विंचू, गुलाब. पत्ता काढणारा कधीकधी चित्राचं नाव न घेता त्यावरची एखादी ओळच म्हणतो, आणि मग ती ओळ कळल्याशिवाय आपल्या तक्त्यावर दाणा ठेवता येत नाही. 'स्टॉप' नावाचा त्यांचा खेळ तर थेट आपला नाव-गाव-फळ-फूल. एक अक्षर काढायचं, रकाने भरायचे, पहिला संपवेल त्याने ओरडायचं.

याला वेळकाढूपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात दाखवून दिलं, की आज्ञा ऐकून उठणं, बसणं, दाराला हात लावणं असं शरीराने केलं की परकी भाषा लवकर मुरते. पुढे 1990च्या सुमारास कॅलिफोर्नियात शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्या ब्लेन रे यांनी त्याला गोष्टीची जोड दिली. म्हणजे या शिक्षिकेच्या खेळांमागे अभ्यास आहे, तयारी आहे. तेरा-चौदा वर्षांचं मूल चुकून हसं होण्याला सगळ्यात जास्त भितं. खेळात चूक झाली तर फार तर डाव जातो. प्रगतिपुस्तकावर काही उमटत नाही, म्हणून ते तोंड उघडतं. पुण्या-मुंबईत 'स्कोअरिंग' म्हणून जर्मन-फ्रेंच घेऊन नव्वदच्या पुढे गुण मिळवणारी आणि दोन वाक्यं बोलताना अडखळणारी मुलं आपण घरोघर पाहतो. तेच आता झाशीत करायचं आहे का?

आणि भाषा खेळातून येते, हे झाशीच्या मराठी घरांनी तरी विसरू नये. अठराव्या शतकात, नारोशंकरांच्या काळात आपली घरं तिथे वसली. मी शिकले त्या शाळेत मराठीचा तास नव्हता. दिवसभर हिंदी आणि बुंदेली कानावर. मग मराठी आली कुठून? दुपारच्या शब्दांच्या भेंड्यांमधून आली. आमची जीभ हिंदीत वाढलेली, 'ळ' काही वळायचा नाही. आजीचा नियम पक्का होता: 'बाळ'ला 'बाल' म्हटलं की भेंडी चढली. भेंडी चढू नये म्हणून आम्ही 'केळ', 'फळ', 'सकाळ' घोकत फिरायचो. भोंडल्याला खिरापत ओळखायची, तर पदार्थांची नावं मराठीतच घ्यावी लागत, हिंदीत सांगितलं तर बाद. नऊ दिवसांत अख्खं स्वयंपाकघर तोंडपाठ व्हायचं. आम्हा भावंडांत मराठी पुस्तक वाचणारी पुढे जी निघाली, ती सगळी या डावांतूनच निघाली.

आता वहिनी सांगते, झाशीतल्या मराठी मुलांसाठी रविवारी जो मराठीचा वर्ग भरतो, त्यात बाराखडी गिरवायला देतात, वर्षाअखेरीस पाठांतर स्पर्धा आणि प्रमाणपत्र. मुलं कमी होत चालली आहेत. भेंड्या कुणी खेळवत नाही, कारण त्यांना अभ्यासक्रमात जागा नाही. याचं मला स्पॅनिशपेक्षा जास्त वाईट वाटतं. भाचीला 'ळ' म्हणता येतो तो तिच्या आईने हट्टाने घरी म्हणवून घेतला म्हणून. तिच्या मैत्रिणींना येत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. या गणेशोत्सवात एक संध्याकाळ भेंड्यांना द्या, स्पर्धा नको, परीक्षक नकोत, आजी-आजोबांना मुलांच्या बाजूने बसवा. आणि झाशीच्या त्या पालकांना: पुढच्या सभेत धडा कितवा चालू आहे हे विचारू नका, आपल्या मुलाला काय काय बोलता येतं ते विचारा, आणि शिक्षिकेला तिचे तास परत द्या.