तुला कशाला हवंय संस्कृत?

जूनमधली गोष्ट. करंजाडेतल्या आमच्या गटाच्या बैठकीला एक जण घुश्शातच आली. ती पनवेलमध्ये चार घरी स्वयंपाक करते. तिची मुलगी यंदा आठवीत गेली. आठवीला भाषा निवडायची असते: हिंदी, संस्कृत, नाहीतर दोन्ही निम्मं-निम्मं. मुलीनं संस्कृत लिहिलं, तर वर्गावरच्या बाईंनी फॉर्म परत केला. ‘‘घरी कोण घेणार तुझा अभ्यास? तुला कशाला हवंय संस्कृत? हिंदीच घे.’’

आई म्हणाली, ‘‘ताई, मी जिथं पोळ्या लाटते, त्यांच्या पोरीला असं कुणी विचारलं का?’’

त्यावर बैठकीत वाद झाला. एकीचं म्हणणं, संस्कृतला मार्क चांगले पडतात, ते आपल्याच पोरींना का नकोत? दुसरी उसळून म्हणाली, ‘‘ज्या भाषेतल्या पोथ्यांनी बाईला आणि शूद्राला पायाखाली ठेवलं, ती शिकायचीच कशाला? इंग्रजी शिकवा, कॉम्प्युटर शिकवा.’’

हा दुसरा सवाल मला हसण्यावारी नेता येत नाही. पण त्याचं उत्तर आपल्या आधीच्या बायकांनीच देऊन ठेवलंय. पंडिता रमाबाईंना आईनं, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला आणि सांगितलं, आता बायकांना शास्त्रातली कर्तव्यं समजावून सांगा. त्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रं वाचायला बसल्या. एरवी एकमेकांशी न पटणारे ग्रंथ बाईला हीन ठरवण्यात मात्र एकमतानं बोलतात, हे त्यांना तिथं दिसलं. वाचता येत होतं म्हणूनच दिसलं.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेता आलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढं स्वतःच्या कष्टानं त्यांनी ती भाषा शिकून घेतली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जळली ती आपल्याच जिल्ह्यात, महाडला.

आणि कुमुद पावडे. नागपूरच्या दलित घरातल्या या मुलीनं संस्कृतमध्ये एम. ए. केलं, तरी नोकरी मिळेना. ती मिळाली लग्नानंतर, सोमकुवरची पावडे झाल्यावर. ‘अंतःस्फोट’मध्ये त्यांनी हे स्वच्छ लिहिलंय. भाषा तीच, बाई तीच, फक्त आडनाव बदललं! ‘घरी कोण घेणार अभ्यास’ या प्रश्नात मला हेच जुनं आडनाव विचारणं ऐकू येतं.

म्हणजे पोरींना संस्कृत मिळालं की काम झालं? तसंही नाही. मी स्वतः तीन वर्षं संस्कृत घेतलं. देवः देवौ देवाः घोकलं, सुभाषितं पाठ केली, पेपरात उतरवून आले. पण शाकुंतलात दुष्यंत संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही. मग एकाच नाटकात बाईची भाषा वेगळी का, हा प्रश्न पडणार कुठून? शिवाय प्राकृत म्हणजे काही परकी भाषा नव्हे. महाराष्ट्री प्राकृतातूनच आपली मराठी आली. थेरींनी पाली भाषेत रचलेल्या गाथा आहेत. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या बायकांची नावं कोरलेली आहेत. जुना काळ म्हणजे फक्त पतिव्रतांच्या गोष्टी नव्हेत, हे मुलींना शाळेतच कळायला हवं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. पण किती शाळांत पाली शिकवायला माणूस आहे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही मुलीची भाषा तिच्या आईचं काम बघून ठरवू नये. ज्या शाळेत संस्कृत आहे, तिथं ते मागेल तिला मिळावं, आणि घरी मदत नसेल तर ती शाळेनं द्यावी. पाली, प्राकृतची दारंही उघडावीत. आणि शिकवताना ‘हे कुणी लिहिलं, कुणाबद्दल लिहिलं’ हे विचारायची मुभा असावी.

आम्ही तिघी शाळेत गेलो. वाद घालावा लागला, पण फॉर्म बदलून मिळाला. आता दर गुरुवारी संध्याकाळी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी माझ्याकडं बसतात. मीच निम्मं विसरलेय, त्यामुळं चौघी मिळून शिकतो. पहिल्या चाचणीत मुलगी काठावर पास झाली. आई म्हणाली, ‘‘असू दे. तिनं मागितलं ते तिला मिळालं.’’

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीतल्या शाळेत आठवीचा फॉर्म कोण भरतं? मुलगी, की तिचं घर बघून शाळा? विचारून बघा आणि जरूर कळवा.