काकूंचं नाव काय लिहिलंय?

दरवर्षी या पानावर मी जबल अलीतल्या कुणा ना कुणा आपल्या माणसाबद्दल लिहिते. यंदाचे आहेत आमच्या इमारतीचे रखवालदार काका.

काका सातारा जिल्ह्यातले. ताठ उभं राहणं आणि चकचकीत बूट पाहूनच मी विचारलं होतं, "पलटणीत होता का?" तर म्हणाले, "होय ताई. मराठा लाइट इन्फन्ट्री. सतरा वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो."

आपल्याकडे निवृत्त म्हटलं की साठीचा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण जवानाला १५ वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते, तेव्हा तो जेमतेम पस्तिशी-चाळिशीत असतो. मुलं शाळेत, घरावर कर्ज. मग कुणी पुण्यात बँकेच्या दारात उभा राहतो, कुणी इथे येतो.

त्या दिवशी मी त्यांना जरा विचित्र प्रश्न केला. "काका, डिस्चार्ज बुकात काकूंचं नाव काय लिहिलंय?"

"शालन."

"आणि आधार कार्डावर?"

काका थांबले. मग हसत म्हणाले, "वैशाली. लग्नात बदललं ना नाव!"

मला हसू आलं नाही. माझे वडीलही फौजेत होते. ते गेले तेव्हा आईच्या कौटुंबिक पेन्शनचा अर्ज याच एका कारणाने अडकला. फौजेच्या कागदांत तिचं माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करायला चौदा महिने लागले. आई प्रतिज्ञापत्रावर सही करताना एकदा म्हणाली, "तीस वर्षं संसार केला, आणि आता मीच मी आहे हे लिहून द्यायचं." मी तेव्हा शिक्षिका होते. शेकडो मुलांच्या दाखल्यांवरची नावं तपासली होती, आईचं कधी पाहिलं नव्हतं.

वाईट याचं वाटतं की मदत करणारं कार्यालय जिल्ह्याच्या गावीच असतं. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं ठिकठिकाणी आहेत. माजी सैनिकाची नोंदणी, त्याचं आणि विधवेचं ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सैनिकी वसतिगृहातला प्रवेश, नावदुरुस्तीची कागदपत्रं, सगळं तिथूनच सुरू होतं. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी आम्ही शिक्षक शाळेत गोळा करायचो. तो या कुटुंबांच्या कल्याणासाठीच वापरतात. मी वर्गावर्गांत फिरून पैसे जमवले, पण आपल्याच घरासाठी त्या कार्यालयाची पायरी चढावी हे सुचलं नाही.

काकांना घरपट्टीचंही माहीत नव्हतं. २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली, शहरात आणि ग्रामपंचायतीतही. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना हे तिचं नाव. त्यासाठी जिल्हा सैनिक कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत द्यावा लागतो. काका दरवर्षी गावी पैसे पाठवून ती भरत होते. राज्य सरकारच्या गट क आणि ड मधल्या नोकरभरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, त्यांना सुरक्षारक्षकाची कामं देतं. "हे आधी कळलं असतं तर इथे आलो असतो का?" असं ते स्वतःशीच म्हणाले. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. ६५ वर्षांवरचे, हवालदार हुद्द्यापर्यंतचे, उत्पन्न नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. ती महिना ४,००० होती. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये झाली. अर्ज पुन्हा जिल्हा कार्यालयातूनच.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. त्यांचं स्मारक गावात आहे, आणि आपण तिथे अभिमानाने नमस्कार करतो. तो करावाच. पण योजना नुसत्या अभिमानाने घरी येत नाहीत. त्यांना कागद लागतो, आणि कागदावर बरोबर नाव लागतं.

म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर एवढं कराच. घरात, भावकीत, शेजारी कुणी फौजेतून आलेलं असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनची ऑर्डर मागून घ्या. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. मुलांची नावंही बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कार्यालयात जा. तिथून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठ्यांचं बेळगावला आहे. जवान हयात असताना त्याच्या सहीने हे काम तुलनेने सोपं असतं. नंतर सगळं त्या बाईच्या अंगावर पडतं.

काका एप्रिलमध्ये महिन्याच्या रजेवर गेले होते. परत आल्यावर लिफ्टपाशी मला थांबवून मोबाइल दाखवला. जमा केलेल्या अर्जाची पोच होती, कार्यालयाच्या शिक्क्यासह. दुरुस्ती अजून झालेली नाही. काका म्हणाले, "ताई, काकूने सांगितलंय, विचारणाऱ्या बाईंना दिवाळीला आपल्या हातच्या शेवया पाठवायच्या."

शेवया आल्या आहेत. आता बेळगावहून कागद यायची वाट बघतोय, दोघंही.