आफ्रिका शिकून काय करणार म्हणे!

भाचीने मुंबई विद्यापीठात आफ्रिकेतल्या समाजांचा अभ्यास करायचं ठरवलंय, तेव्हापासून नातेवाइकांचा एकच घोषा आहे: "तिकडच्या जमातींचं शिकून नोकरी कोण देणार?" नोकरीचं ती बघेल हो. माझं भांडण त्या 'तिकडच्या' शब्दाशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मंडळी, मणिबेली आठवतंय? अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात पहिला घास घेतला तो याच गावाचा, १९९३ मध्ये.

आता जरा झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवर, झांबेझी नदीकाठी चला. तिथे १९५० च्या दशकात करिबा धरण झालं आणि सुमारे ५७,००० टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. १९५८ मध्ये उठायला नकार देणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, आठ जण मेले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे मानववंशशास्त्रज्ञ १९५६ पासूनच या लोकांत जाऊन राहिले होते. पुढेही ते अनेक दशकं तिथे परत परत जात राहिले. नदीच्या गाळावरची शेती गेली, शेजार पांगला, की माणसाचं काय होतं, ते त्यांनी लिहून ठेवलं.

हेच स्कडर १९८३ मध्ये जागतिक बँकेचे सल्लागार म्हणून सरदार सरोवराच्या पुनर्वसनाची पाहणी करायला आले. म्हणजे मणिबेली बुडण्याआधी दहा वर्षं तिथे काय होऊ शकतं हे सांगणारा माणूस हजर होता, आणि तो ते आफ्रिकेत शिकला होता!

"मग गाव वाचलं का?" असा खवचट प्रश्न येणारच. नाही वाचलं. पण हा दोष शिकण्याचा की न ऐकण्याचा? मुंबई विद्यापीठात आफ्रिकन अभ्यासाचं केंद्र १९७१ पासून आहे. धरणं बांधायला निघालेल्या किती इंजिनिअरांनी टोंगा हे नाव तरी ऐकलं असेल? बाहेरचं कर्ज आपल्याला चालतं, बाहेरचं तंत्रही चालतं. बाहेरच्या विस्थापितांचा अनुभव मात्र 'तिकडचा'!

खरं दुखणं वेगळंच आहे. झांबेझीकाठची माणसं काय आणि नर्मदाकाठची काय, आपण दोघांनाही 'मागास' म्हणून मोकळे होतो. मागासांना शिकवायचं असतं, त्यांच्याकडून शिकायचं नसतं, असं आपण धरूनच चालतो.

असो. पुढच्या धरणाच्या कागदावर जो कोणी सही करेल, त्याने टोंगांवरचा एक तरी पेपर सोडवलेला असावा, एवढीच माझी मागणी.