अधिकाराविना नेतृत्व

'शिकाऊ' आणि 'नेतृत्व' हे दोन शब्द एका वाक्यात आले की ते एकमेकांशी भांडू लागतात. जो अजून स्वतःच शिकतो आहे तो इतरांना कोठे नेणार, असे कोणालाही वाटेल. तरीही ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेली काही वर्षे नेमका हा प्रयोग चालू आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये 'चीफ रजिस्ट्रार' ही योजना सुरू केली. वरिष्ठ प्रशिक्षणार्थी डॉक्टराने रुग्ण तपासणे सोडायचे नाही, पण आपला ४० ते ५० टक्के वेळ नेतृत्व आणि सेवासुधारणेसाठी राखून ठेवायचा, असे तिचे स्वरूप. बालरोगाच्या प्रशिक्षणातही नेतृत्व हा आता अभ्यासाचा भाग मानला जातो. हा प्रयोग योग्य आहे असे आम्हांस वाटते. मात्र अधिकार न देता दिलेले नेतृत्व हे नेतृत्व नसून दोष वाहण्याची सोय ठरते, हेही आम्हांस सांगावयाचे आहे.

साहित्याच्या वाचकांनी या विषयात का लक्ष घालावे? कारण हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच शब्दांचाही आहे. १९८३ साली रॉय ग्रिफिथ्स यांनी या आरोग्य सेवेच्या व्यवस्थापनाविषयी अहवाल दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आज हातात दिवा घेऊन रुग्णालयात फिरली असती, तर जबाबदार माणूस कोण हेच शोधत राहिली असती, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण गाजले. त्यानंतर व्यवस्थापक आले, पदे आली, तक्ते आले. पण दिव्याच्या उजेडात जबाबदार माणूस दिसू लागला का?

ब्रिस्टलची हकिकत याचे उत्तर देते. तेथील रॉयल इन्फर्मरीतील बालहृदयशस्त्रक्रियांची चौकशी इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि २००१ मध्ये अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके, इतर सर्वसाधारण केंद्रांच्या तुलनेत अधिक दगावली, असा तिचा निष्कर्ष होता. थोड्या हातांत फार सत्ता एकवटली होती आणि वरिष्ठांचे कोंडाळे बाहेरच्यांना दाद देत नव्हते, हे तिने स्पष्टपणे मांडले. स्टीफन बोलसिन या भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून शंका उपस्थित केली होती. त्यांना शेवटी ऑस्ट्रेलियात जाऊन काम करावे लागले. जे कन्सल्टंटच्या पदावर होते त्यांची ही गत, तर सहा महिन्यांसाठी आलेल्या प्रशिक्षणार्थ्याने तोंड कसे उघडावे?

आता दुसरी हकिकत. फेब्रुवारी २०११ मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा सेप्सिसने दगावला. त्या दिवशी बालरोग विभागाचा भार डॉ. हदिझा बावा-गर्बा या प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर होता. प्रसूतीची दीर्घ रजा संपवून त्या नुकत्याच कामावर परतल्या होत्या. जबाबदार कन्सल्टंट दुपारपर्यंत दुसऱ्या गावी होते. संगणकयंत्रणा बंद पडल्याने रक्ततपासणीचे अहवाल उशिरा आले. डॉ. बावा-गर्बा यांच्याकडून गंभीर चुका झाल्या, हे न्यायालयाने नोंदवले आहे आणि त्या झाकण्याचा आमचा हेतू नाही. एका आईबापांचे मूल गेले, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने हलकी होत नाही. पण २०१५ मध्ये त्यांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले, जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट लख्ख दिसते. त्या दिवशीचे नेतृत्व एका प्रशिक्षणार्थ्याच्या वाट्याला आले होते. मात्र जादा माणूस मागवण्याचा, काम थांबवण्याचा किंवा यंत्रणा वाकवण्याचा अधिकार तिच्या हाती नव्हता. पद न देताच भार दिला गेला होता.

या प्रकरणाची एक बाजू आपल्या अधिक जवळची आहे. ब्रिटनमधील प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना स्वतःच्या चुकांवर आत्मपर टिपणे लिहावी लागतात. आपण काय केले, काय चुकले, पुढे काय करू, असे त्यांचे स्वरूप असते. हे लेखन आपल्याविरुद्ध वापरले जाईल, अशी भीती त्या निकालानंतर पसरली. जून २०१८ मध्ये आलेल्या विल्यम्स समितीच्या अहवालाने वैद्यकीय परिषदेला अशी टिपणे मागण्याचा अधिकार नसावा, अशी शिफारस केली. ज्या कबुलीला श्रोता म्हणून न्यायाधीश मिळतो ती कबुली खरी राहत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. भीतीखाली लिहिलेले आत्मचरित्र आणि बचावाचा जबाब यांत फार अंतर उरत नाही. आणि जो आपली चूक प्रामाणिकपणे मांडू शकत नाही, तो इतरांच्या चुका कशा सुधारणार?

याला आक्षेप येईल, की अनुभव नसलेल्यास अधिकार देणे धोक्याचे आहे. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. प्रशिक्षणार्थी एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात असतो. त्यामुळे इथे चालते ते तिथे का चालत नाही, हे कायमच्या माणसाआधी त्याला दिसते. शिवाय बालरोगात रुग्ण स्वतःची कैफियत मांडू शकत नाही. मध्यरात्री आईच्या चेहऱ्यावरून आणि तापाच्या आलेखावरून मुलाची हकिकत वाचणारा पहिला वाचक हाच शिकाऊ डॉक्टर असतो. त्याचे वाचन वर पोहोचावे अशी वाट असेल, तर ते नेतृत्वच आहे.

२०१६ च्या करारानुसार इंग्लंडमध्ये कामाच्या तासांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आला आणि ठरल्याहून अधिक काम झाल्यास नोंद करण्याची सोय झाली. सप्टेंबर २०२४ पासून 'ज्युनियर डॉक्टर' हा शब्द जाऊन 'रेसिडेंट डॉक्टर' हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे 'निवासी डॉक्टर' कधीचाच वापरात आहे, पण त्या नावामुळे रात्रपाळी हलकी झाल्याचे कोणी सांगणार नाही. नाव बदलल्याने माणसाचा आदर वाढतो हे मान्य. अधिकार मात्र नावाने येत नाही.

आमची अपेक्षा साधी आहे. नेतृत्वाचे पद द्यायचे असेल तर त्यासाठी राखीव वेळ द्यावा, ज्या बैठकीत पाळ्या आणि माणसांची संख्या ठरते तेथे बसण्याची जागा द्यावी, आणि धोका दिसताच वरिष्ठाला रात्री उठवल्याबद्दल कोणाचीही कारकीर्द अडणार नाही याची हमी द्यावी. या तीन गोष्टी नसतील तर नेतृत्वाची पदविका भिंतीवर शोभेल, एवढेच. दगावलेल्या मुलाच्या खाटेपाशी मात्र जबाबदार माणसाचा शोध पुन्हा त्याच शिकाऊ डॉक्टरापाशी येऊन थांबेल.