आठ किलो कांदे आणि आपलं शहाणपण

कांदा साठ रुपयांवर गेला की आमच्या कँटीनमध्ये अर्थतज्ज्ञांचं पीक येतं. "सरकार झोपलंय का?", "आधी निर्यात बंद करा", "साठेबाजांना आत टाका"... हल्ली त्यात एका नव्या वाणाची भर पडली आहे. "यार, प्रत्येकाने गॅलरीत चार कुंड्या कांदे लावले ना, तर प्रॉब्लेमच संपला!" हे बोलणारा आमचा टीम लीड. त्याच्या गॅलरीत एकच तुळस आहे, तीही बायकोने जगवलेली.

मला हसू आलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. फरक इतकाच की मी लावून पाहिले.

लसूण सोपा निघाला. ऑक्टोबर संपता संपता, हवेत जरा गारवा आल्यावर, गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडल्या आणि टोक वर ठेवून बोटाच्या पेराइतक्या खोल खोचल्या. मार्चअखेर पात पिवळी पडली तेव्हा उपटल्या. आईने पातीसकट जुडी बांधून खिडकीशी टांगली आणि ती दिवाळीपर्यंत पुरली. पाकळ्या बारीक, पण वास असा की सोसायटीला कळावं आज आमच्याकडे फोडणी आहे. लसूण जरूर लावा, माझी काही तक्रार नाही.

कांद्याने मात्र माज उतरवला. गच्चीवर अडीच चौरस मीटरचा वाफा केला. ऑक्टोबरअखेर बी टाकलं, डिसेंबरच्या शेवटी 15 बाय 10 सेंटिमीटरवर रोपं लावली. एप्रिलच्या मध्यावर माना पडल्या, तेव्हा काढणी केली. हाती काय आलं? आठ किलो, आणि त्यात निम्मी गोल्टी! आमच्या चौघांच्या घरात महिन्याला सहा-सात किलो लागतो. म्हणजे सहा महिन्यांच्या उठाठेवीतून जेमतेम सव्वा महिन्याचा कांदा. गॅलरीतल्या चार कुंड्यांतून काय निघेल, तो हिशोब टीम लीडने करावा.

पण खरी गंमत पुढे आहे. हाडाचा इंजिनिअर असल्यामुळे मी त्या आठ किलोंचे दोन भाग केले. पहिले चार किलो काढल्या दिवशीच पात कापून क्रेटमध्ये भरले आणि ओट्याखाली सरकवले, बटाट्यांच्या शेजारी. दुसरे चार नीट सुकवले. तीन-चार दिवस पातीखाली झाकून, मग इंचभर मान ठेवून पात कापली, दहा-बारा दिवस सावलीत पसरले, जाड मानेचे आणि जोडकांदे बाजूला काढले आणि उरलेले जाळीच्या पिशवीत घालून वाऱ्यावर टांगले.

जुलैअखेर ओट्याखालच्या क्रेटने स्वतःच दवंडी पिटली. अर्धेअधिक सडलेले, बाकीच्यांवर काळी बुरशी. आईने क्रेटसकट मला बाहेर काढलं. टांगलेल्या पिशवीत काय उरलं होतं? वजन केलं, दोन किलो आठशे ग्रॅम. सगळं नियमाने करूनसुद्धा तीस टक्के गायब! काही सडला, काहींना कोंब आले, आणि उरलेलं वजन पाणी होऊन हवेत गेलं.

मामांना फोन लावला. ते सिन्नर तालुक्यात कांदा करतात, दारात चाळ आहे. म्हटलं, "मामा, माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही रे. पावसाळ्यात एवढं जातंच. माझ्या चाळीत दोनशे क्विंटल आहे. तू इंजिनिअर ना? कर गुणाकार."

केला. साठ क्विंटल.

तर मुद्दा हा. आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात जो कांदा खातो तो त्या महिन्यात पिकत नाही. तो मार्च ते मेमध्ये निघालेला उन्हाळी कांदा असतो, कुणीतरी पाच महिने सांभाळलेला. जमिनीपासून उंच तळ, खालून वारा, बांबूच्या भिंती, ठरावीक उंचीपर्यंतच ढीग, वर अधूनमधून सडका कांदा वेचण्याची मजुरी. हे करणाऱ्याला आपण नाव काय दिलंय? साठेबाज! अहो, तो साठवतो म्हणून तुमच्या मिसळीवर कांदा पडतो. एप्रिलमध्ये सगळ्यांनी सगळा विकला असता तर ऑक्टोबरात काय खाल्लं असतंत, माझी गोल्टी?

आणि नेमकी त्याच्या सांभाळण्याची किंमत मिळायची वेळ आली की आपण ओरडतो आणि दिल्लीला ते लगेच ऐकू जातं. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, चाळीतला उन्हाळी कांदा बाहेर यायच्या दिवसांत. डिसेंबर 2023 मध्ये थेट निर्यातबंदी, ती मे 2024 पर्यंत. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा, आणि तो टिकतच नाही. भाव पडला म्हणून घरी ठेवू म्हणायची सोयच नाही, त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाला द्यायचा. शुल्क पूर्ण हटलं ते एप्रिल 2025 मध्ये. मधल्या काळात ज्याची चाळ रिकामी झाली, त्याला त्याचा काय उपयोग?

"पण पैसा शेतकऱ्याला मिळतोच कुठे, व्यापारी खातो," हे उत्तर तयार असतंच. खातही असेल. पण निर्यात बंद केल्यावर व्यापारी तोटा सोसत नाही, दुसऱ्या दिवशी लिलावात बोली खाली आणतो. मार शेवटी चाळीवरच बसतो.

एक गोष्ट मान्य. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना साठ रुपये किलो खरोखर जड जातो. त्यांच्यासाठी सरकारने स्वतःच्या साठ्यातून स्वस्त विकावा, जसा सप्टेंबर 2024 मध्ये 35 रुपयांनी विकला. त्याचा भार आपल्या करातून जाऊ दे. पण मावशींचं नाव पुढे करून आपली बचत कशाला? महिन्याला सात किलो, किलोमागे तीस रुपये जास्त, म्हणजे दोनशे दहा रुपये. परवा मॉलमध्ये टीम लीडची एक कॉफी दोनशे ऐंशीची होती. तेव्हा नाही कुणी म्हणालं की कॉफीची निर्यात बंद करा!

चाकणला 1980 मध्ये शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन केलं, तेही स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसून पाहिल्यावर. तेवढं धाडस तुमच्या-माझ्यात नाही, मला माहीत आहे. पण एक वाफा तर जमेल? स्वयंपूर्ण होण्याच्या गप्पा नकोत. नुसता पिकवा, सुकवा आणि ऑगस्टपर्यंत टिकवून दाखवा. मग भावाबद्दल बोलू.

टीम लीडला सोमवारी बियांचं एक पाकीट नेऊन देणार आहे. वजनकाटा त्याच्याकडे आहेच.