दोन दारांची गाडी

संध्याकाळच्या ओपीडीला बाळाला घेऊन येणाऱ्या वडिलांपैकी एखादा तरी दर आठवड्याला माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, काचेतून आत डोकावतो आणि मग तपासणीच्या खोलीत येऊन, बाळाच्या तापाविषयी बोलण्याआधीच विचारतो, "साहेब, आमां पाछळ बेसवानुं केवी रीते?" गेली वीस-बावीस वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर देत आलो आहे. पुढची सीट वाकवायची, अंग चोरायचे आणि आत शिरायचे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी एकच भाव उमटतो. डॉक्टर शिकलेला दिसतो, पण व्यवहार शिकलेला दिसत नाही!

गाडी आहे मारुतीची झेन. परंतु नेहमीची नव्हे. २००३ साली मारुतीने झेनची एक मर्यादित आवृत्ती काढली होती. बाजूला चारऐवजी दोनच, पण लांबलचक दारे आणि मागचे झाकण धरून तीन. 'कार्बन' नावाच्या काळ्या ३०० आणि 'स्टील' नावाच्या चंदेरी ३००, अशा एकूण ६०० गाड्या बनल्या आणि विषय संपला. त्या ३०० काळ्यांपैकी एक माझ्याकडे आहे. बडोद्याच्या मे महिन्यात काळी गाडी घेणारा मनुष्य वैद्यकीय पदवीधर असू शकतो यावर माझ्या सासऱ्यांचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही.

आपल्यापैकी ज्यांनी पूर्वी रेल्वेच्या पहिल्या वर्गाने प्रवास केला असेल त्यांना 'कुपे' हा शब्द ठाऊक असेल. चौघांच्या डब्यांच्या रांगेत दोघांपुरती असलेली ती लहानशी खोली. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. घोडागाडीतली समोरासमोरची एक बैठक कापून टाकली की उरे तो कुपे. मोटारींच्या जगात हा शब्द दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या, मागे जेमतेम जागा असलेल्या गाडीला लागू झाला. अशा गाड्या श्रीमंतांसाठी पूर्वीपासून होत्याच. पण सामान्य पगारदाराला परवडेल असा कुपे ही युक्ती खऱ्या अर्थाने रुजली ती १९६४ साली अमेरिकेत आलेल्या फोर्ड मस्टँगपासून. रोजच्या कुटुंबवत्सल फाल्कन गाडीची यंत्रसामग्री घ्यायची आणि तिच्यावर देखणे अंग चढवायचे. १९६९ साली युरोपात फोर्डनेच कॉर्टिनाच्या सामग्रीवर कॅप्री बेतली; १९७० साली जपानात टोयोटाने करिनाच्या जोडीने सेलिका आणली. शाळामास्तराच्या, कारकुनाच्या दारात ज्या गाड्या दिसत तिच्याच इंजिनावर ही चैन उभी होती. म्हणूनच ती परवडत होती आणि बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुरुस्त करू शकत होता.

माझी झेन याच घराण्यातली, हे मी आग्रहाने सांगतो. तिला कुपे म्हणणे पंडितांना रुचणार नाही आणि काटेकोर अर्थाने ते बरोबरही नाही. पण आपल्या देशात सामान्य माणसाला परवडेल असा कुपे जवळजवळ कधी बनलाच नाही, तेव्हा जे ताटात पडले त्याला पक्वान्न म्हणण्याचा अधिकार मला असावा. ९९३ घनसेंटिमीटरचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे, सोळा व्हॉल्व्हचे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि वजनाला हलके असे अंग. आजच्या आकड्यांपुढे हे हास्यास्पद वाटेल. परंतु हलकी गाडी स्टिअरिंगला, ब्रेकला आणि पायाला ज्या तत्परतेने उत्तर देते ती तत्परता वजनदार गाडीला केवळ अश्वशक्ती वाढवून आणता येत नाही. गिअर बदलताना हाताला बसणारा तो लहानसा, नेमका खटका मला अजूनही सुखावतो.

ती मी घेतली तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. स्वतःचा दवाखाना सुरू करून तीन वर्षे झाली होती, नवजात शिशूंच्या विभागासाठी घेतलेले कर्ज डोक्यावर होते आणि मुलगी दोन वर्षांची होती. गाडी घेणे हा आपल्याकडे वैयक्तिक निर्णय नसतोच. ती एक बैठक असते. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी अशी बैठक झाली. मोठ्या भावाने पुनर्विक्रीचा मुद्दा मांडला, सासऱ्यांनी रंगाचा, पत्नीने हप्त्यांचा. मी मात्र एका बालरोगतज्ज्ञाला शोभेल असा मुद्दा तयार ठेवला होता. मागे दारच नसेल तर मूल दार उघडून पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा युक्तिवाद खोटा नव्हता, पण खरा हेतूही तो नव्हता. खरा हेतू एवढाच की मला ती गाडी फार आवडली होती. हे एक वाक्य मात्र त्या बैठकीत मला उच्चारता आले नाही.

मला वाटते, आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांची अडचण हीच आहे. आपले सारे आयुष्य उपयुक्ततेच्या निकषावर उभे असते. झोप मोडली तर कोणासाठी, दिवाळीत घरी नव्हतो तर कशासाठी, याची उत्तरे आपल्याजवळ तयार असतात आणि समाजाला ती पटतात. त्यामुळे निव्वळ आवडते म्हणून एखादी गोष्ट बाळगायची तर तिलाही आपण उपयोगाचा अंगरखा चढवतो. कॅमेरा घेतला तर 'कॉन्फरन्ससाठी', बंगला बांधला तर 'गुंतवणूक म्हणून'. मध्यरात्री एखाद्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासनलिका घालून, त्याचा रंग गुलाबी झालेला पाहून पहाटे साडेतीनला बाहेर पडताना सरळ घरी न जाता अलकापुरीवरून लांबचा फेरा घेण्याला कोणता उपयोग चिकटवणार? तो फेरा मी असंख्य वेळा घेतला आहे. बाळ वाचले नाही त्या रात्रींनीही घेतला आहे. रस्ता मोकळा, काचा खाली, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात. घरी पोहोचेपर्यंत मी पुन्हा नवरा आणि बाप होऊ शकत असे. याला कोणी पळवाट म्हटले तर माझी हरकत नाही.

अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्ग नवा होता तेव्हा त्या ९३ किलोमीटरसाठी कोणतेही निमित्त मला पुरत असे. 'संघटनेच्या बैठकीला मी जातो ना,' असे मी इतक्या वेळा म्हटले की सहकाऱ्यांनी मला कार्यनिष्ठ समजून सचिव केले.

आता दुसरी बाजू. ती न सांगता हा लेख लिहिला तर तो जाहिरातीच्या पंक्तीत बसेल.

माझ्या आईचे गुडघे संधिवाताने धरलेले होते. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाण्याचा तिचा नेम आणि मी किंवा पत्नीने तिला नेण्याची घरातली पद्धत. नवी गाडी आल्यावर ती पुढे बसायला तयार होईना. "सुनेला मागे बसवून मी पुढे? मुळीच नाही." मग सीट वाकवायची, तिने छपराला धरून वाकायचे, एक पाय आत ठेवून दुसरा ओढून घ्यायचा. उतरताना तेच, उलट क्रमाने. दोन-तीन गुरुवार झाले आणि मग ती म्हणू लागली, "आज नको, आज घरीच पोथी वाचते." मला वाटले, वय झाले, उत्साह कमी झाला. चार महिन्यांनी एका गुरुवारी दवाखान्यातून अवेळी घरी येत असताना नाक्यावर ती रिक्षातून उतरताना दिसली. हातात प्रसादाचा द्रोण होता. ती दर गुरुवारी जात होती. फक्त माझ्या गाडीने जात नव्हती. ज्यांना बोलता येत नाही अशा रुग्णांचे दुखणे ओळखण्यावर मी चरितार्थ चालवतो आणि घरात राहणाऱ्या, उत्तम बोलता येणाऱ्या बाईचे दुखणे मला चार महिने दिसले नाही.

त्या वर्षअखेरीस दवाखान्याच्या नावावर एक चार दारांची, पांढरी, शहाणी गाडी आली. कर्ज वाढले. झेन विकण्याचा विषय आईनेच मोडून काढला. पुढे एका पावसाळ्यात, पत्नी माहेरी गेलेली असताना, मी आईला पुढच्या सीटवर बसवून हालोलच्या रस्त्याने पावागडच्या पायथ्यापर्यंत नेले. डोंगर ढगांत होता. परतताना ती म्हणाली, "एवढी कौतुकाची गाडी, आणि बैलगाडीसारखी काय हाकतोस? घे की जरा जोरात." २०१४ साली ती गेली. चैन करावी की करू नये हा प्रश्न मला आता तितकासा पडत नाही. आपल्या चैनीसाठी घरातले कोण मुकाट्याने रिक्षाने जाते आहे, हा पडतो.

असो. मूळ विषय उत्पादन थांबण्याचा.

१९९३ साली आलेली झेन २००६ मध्ये बंद झाली. नाव पुढे एस्टिलो या वॅगन-आरच्या सांगाड्यावरच्या गाडीला चिकटवण्यात आले. त्याविषयी काही न बोललेले बरे. योगायोग असा की टोयोटाची सेलिकाही २००६ सालीच थांबली. कॅप्री तर १९८६ सालीच गेली होती. झेन गेली तेव्हा आमच्या डॉक्टर मित्रमंडळींत जो शोक झाला त्याला तोड नाही. 'काय गाडी होती!' 'असे इंजिन पुन्हा होणे नाही!' शोक करणाऱ्यांच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या आणि त्यांत एकही झेन नव्हती. हेच नाटक मी पुन्हा पाहिले. आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे चालली आणि अखेरच्या ७०० गाड्यांची खास आवृत्ती काढून बंद झाली. पुन्हा तेच गहिवर, पुन्हा तेच गहिवरणारे उंच, बोजड, सात आसनी वाहनांतून घरी गेले.

माझे स्पष्ट मत असे आहे की अशा गाड्या कारखानदार मारत नाहीत, त्यांचे स्तुतिपाठक मारतात. स्तुतीवर कारखाना चालत नाही. हा न्याय आपल्याला परका नाही. संधिवाताच्या तापानंतर हृदयाच्या झडपा वाचवणारे बेंझाथिन पेनिसिलिन स्वस्त आहे, जुने आहे, उत्तम आहे. आणि तरीही ते बाजारातून वारंवार गायब होते, कारण ते बनवण्यात कोणाला फारसे काही सुटत नाही. पाठ्यपुस्तकात त्याची स्तुती मात्र अबाधित आहे. गाडी आणि औषध यांची बरोबरी मी करीत नाही. एक नसल्याने कोणाचे हृदय जात नाही. परंतु जे आवडते त्याची वेळेवर किंमत मोजणारे कोणी उरले नाहीत की ते नाहीसे होते, हा व्यवहार दोन्हीकडे एकच आहे.

मागे राहिलेल्या मालकाचे जीवन कसे असते? इंजिनाचे सुटे भाग मिळतात, कारण ते साध्या झेनचेच. पण ती लांब दारे आणि मागच्या बाजूच्या काचा फक्त ६०० गाड्यांसाठी बनल्या. एका स्कूटरस्वाराने माझे डावे दार आत दाबले तेव्हा नवे दार मिळण्याची आशाच नव्हती. एका वृद्ध मिस्त्रीने ते सहा दिवस हातोडीने ठोकून सरळ केले आणि पैसे घेताना म्हणाला, "हवे बीजी वार नहीं थाय." तेव्हापासून मी वाहनतळावर गाडी नेहमी भिंतीलगत लावतो.

सरकारच्या दृष्टीने तिचे वय अवघड आहे. पन्नास वर्षे पूर्ण झाली की २०२१ च्या नियमांनुसार गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला वेगळी नोंदणी मिळते. २०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या राजेशाही गाड्यांचे जे प्रदर्शन भरले होते, ते आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. बावीस वर्षांची झेन मात्र ना नवी, ना पुराणवस्तू. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करावी लागते. मी २०१८ साली केली, २०२३ साली केली. मोटारगाडीसाठी ६०० रुपये असलेले हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांसाठी १०,००० झाले. धुराची आणि ब्रेकची तपासणी कितीही कडक करा, माझा पाठिंबाच आहे; श्वसनविकाराची मुले रोज पाहणारा मनुष्य दुसरे काय म्हणणार? पण नाडी न पाहता जन्मतारखेवरून निदान करणे हे आपल्या शास्त्रात बसत नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझ्या गाडीची बाजू मला घेता येत नाही. तिच्यात एअरबॅग नाही. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा लहान मुलांच्या खास आसनात बांधल्याशिवाय नेले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक हजार रुपये दंड आहे. हे मी दवाखान्यात प्रत्येक पालकाला सांगतो, फलकही लावला आहे. तान्ह्याला मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आयांना मी रागावतो. आणि खाली उतरून ज्या गाडीत बसतो ती धडकेत मला फारसे वाचवू शकणार नाही, हे मला ठाऊक असते. स्वतःपुरता तो धोका मी पत्करला आहे. महामार्गावर तिला नेणे केव्हाच बंद केले.

दोन वर्षांची होती ती मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. इंटर्नशिप करते आहे. सीट वाकवून मागे शिरण्याची कला तिच्याइतकी कोणाला साधली नाही. मागच्या महिन्यात तिने रात्रपाळीसाठी झेन मागितली. "बाबा, रात्री साडेतीनला सुटते मी. तुमचा तो अलकापुरीचा फेरा मलाही हवा आहे." मी पांढऱ्या गाडीची किल्ली पुढे केली. तिने ती घेतली नाही, आणि मी दुसरी अजून दिलेली नाही.