आई निवडणुकीला उभी राहते

शाळा बंद, पोरं घरात, हातात मोबाइल आणि आईबापांचं डोकं तापलेलं. करोनाच्या दिवसांत हे चित्र घाटकोपरला होतं तसंच अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातही होतं. आपल्याकडे मात्र पालकांनी सोसायटीच्या जिन्यात उभं राहून चडफडण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. करणार तरी काय? शाळा कधी उघडायची ते मंत्रालयात ठरत होतं. अमेरिकेत हा निर्णय बऱ्याच अंशी गावोगावच्या ‘स्कूल बोर्डा’च्या हातात होता, आणि या बोर्डाचे सदस्य लोक मतं देऊन निवडतात. (बोर्ड म्हटलं की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. हे बोर्ड ते नव्हे. हे गावातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ.) त्यामुळे तिथले चिडलेले पालक थेट मतपेटीकडे वळले.

२०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत अमेरिकाभर असे पालक उभे राहिले. फ्लोरिडासारख्या राज्यांत मुलांना मास्क सक्तीचा का, यावरून रान पेटलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत मास्क हा मुख्य तंटा नव्हता. तिथल्या पालकांचं म्हणणं साधं होतं, शाळा उघडा! मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या सरकारी शाळांत लहान मुलं परतली ती एप्रिल २०२१ मध्ये. मोठ्या वर्गांतल्या बहुतेकांना तर ऑगस्ट उजाडला. शहरातल्या कितीतरी खासगी शाळा त्याआधीच भरू लागल्या होत्या, म्हणजे पैसेवाल्यांची मुलं वर्गात आणि बाकीची पडद्यासमोर. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये शहराच्या प्रशासनानं आपल्याच शहरातल्या शाळांच्या कारभाराविरुद्ध कोर्टात दावा लावला. असं कधी ऐकलंय?

आणि हे चालू असताना बोर्ड काय करत होतं? शाळांची नावं बदलत होतं! जानेवारी २०२१ मध्ये ४४ शाळांची नावं बदलण्याचा ठराव झाला. त्यात लिंकन आणि वॉशिंग्टन यांचीही नावं होती. नावांचा वाद आपल्याला नवा नाही, त्यामुळे मी त्यावर फार बोलणार नाही. पण वर्गाला कुलूप आणि चर्चा पाटीवरच्या नावाची, हे पाहून कुठल्या आईचं डोकं शांत राहील? (एप्रिलमध्ये तो ठराव गुंडाळावा लागला.) शिवाय गुणांवर प्रवेश देणाऱ्या लोवेल या नामांकित हायस्कुलात यापुढे सोडतीनं प्रवेश, असंही बोर्डानं ठरवलं. तिथे निम्म्याच्या आसपास मुलं आशियाई वंशाची. तोवर बोर्डाच्या एका सदस्येनं २०१६ मध्ये आशियाई लोकांविषयी लिहिलेली झोंबणारी वाक्यं कुणीतरी उकरून काढली. आगीत तेल!

दोन पालकांनी सदस्यांना परत बोलावण्याची मोहीम उघडली. त्यातले शिवा राज मूळचे भारतातले. दर सदस्यामागे ५१ हजारांवर सह्या हव्या होत्या, त्या जमल्या. शहरातला चिनी समाज मोठ्या संख्येनं पुढे आला. त्यात अ‍ॅन सू नावाच्या एक आई होत्या. लहानपणी चीनमधून आलेल्या, व्यवसायात जम बसवलेल्या, मुलांच्या सरकारी हायस्कुलातल्या पालक संघाच्या अध्यक्ष. ज्यांनी कधी मत दिलं नव्हतं अशा पालकांची नावं मतदार यादीत चढवण्यासाठी त्यांनी रस्त्यावर टेबलं मांडली. आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. या शहरात २०१८ पासून नागरिक नसलेल्या पालकांनाही फक्त शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं. कामाच्या व्हिसावर तिथे राहणारी तुमची भाची किंवा जावई असेल तर जरूर कळवा.

१५ फेब्रुवारी २०२२ ला मतदान झालं. सातपैकी ज्या तिघांना नियमानुसार परत बोलावता येत होतं, ते तिघेही दणदणीत बहुमतानं घरी गेले. मार्चमध्ये महापौरांनी रिकाम्या जागांवर तिघी नेमल्या, त्यांत अ‍ॅनबाई. कालपर्यंत टेबलामागे उभी असलेली आई खुर्चीत बसली.

खुर्चीत काय वाट्याला आलं? महिन्याला ५०० डॉलर मानधन, १२ कोटी ५० लाख डॉलरची तूट आणि पगाराची नवी संगणक यंत्रणा, जिच्या गोंधळात शिक्षकांचे पगारच अडकले होते. ज्या रागावर निवडणूक जिंकली त्यातलं इथे काहीच कामाचं नव्हतं. शाळा तर उघडल्याच होत्या. लोवेलचा गुणांवरचा प्रवेश मात्र जूनमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी परत आला. अ‍ॅनबाईंच्या पाठीराख्यांना हवं ते मिळालं.

नोव्हेंबरमध्ये रीतसर निवडणूक होती. त्याआधी पालकांच्या एका संघटनेनं उमेदवारांना प्रश्नावली पाठवली. मागे पडलेल्या मुलांसाठी काय कराल, असा एक प्रश्न होता. अ‍ॅनबाईंनी उत्तरात कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांच्या अडचणी सांगताना घरचं अस्थिर वातावरण आणि अभ्यासाला आईबापांचं उत्तेजन नसणं, अशी कारणं दिली. गहजब झाला. त्यांनी माफी मागितली, बोर्डानं ठराव करून कानउघाडणी केली. आदल्या सदस्येला एका समाजाविषयीची वाक्यं भोवली होती. तिच्या मंडळाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईंनाही दुसऱ्या समाजाविषयीची वाक्यंच भोवली.

मला त्यांच्याविषयी थोडी कणव वाटते. बिल्डिंगखाली गप्पा मारताना ‘त्या वस्तीतल्या आईबापांना शाळेचं काही पडलेलंच नसतं’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पण जवळपास ५० हजार मुलांचा कारभार हाती घेणाऱ्यानं ते लिहून देणं निराळं. घरात दोन वेळचं जेवण आणि डोक्यावरचं छप्पर यांचीच भ्रांत असलेल्या आईनं अभ्यासाला कधी बसवावं? तिचं मूलही त्या ५० हजारांतलंच होतं. आणि शाळा वर्षभर बंद राहिल्याचा सर्वांत मोठा फटका बसला तो अशाच घरांना.

आपल्याकडे खासगी शाळांच्या फीसंबंधीच्या २०११ च्या कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती निवडतात चिठ्ठ्या टाकून. प्रचार नाही, प्रश्नावली नाही. कधीकधी वाटतं, बरं आहे. पण मग कुणाला काही विचारायची सोयही राहत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅनबाई हरल्या. त्यांच्याबरोबर नेमलेल्या दोघी मात्र निवडून आल्या. पुढे अ‍ॅनबाईंनी त्याच शहरात स्वतःची खासगी शाळा काढली, इंग्रजी आणि चिनी दोन्ही भाषांची.